कोठीची किल्ली हाती घेण्याआधी

पोरी, साठ मुलांचा स्वयंपाक म्हटला की जो तो आधी चवीची काळजी करतो. तू ती करू नकोस, तुझ्या हाताला चव आहे. माझं सगळं सांगणं अंदाजाबद्दल आहे. जून उजाडला की तू आणि जावई लेकराला घेऊन पुण्यातल्या वसतिगृहात राहायला जाणार. स्वयंपाकघराला लागूनच तुमची खोली, आणि समोर पहिल्यांदाच घर सोडून आलेली पोरं. किती लागेल, किती उरेल, कोण जेवलं नाही, कुठला पदार्थ किती वेळ टिकेल आणि आपल्या अंगात किती बळ आहे, या पाच गोष्टींचा अंदाज ज्या बाईला आला तिचं वसतिगृहाचं स्वयंपाकघर सुरळीत चालतं.

मापं आधी ऐकून घे. एक किलो कणकेच्या घडीच्या पोळ्या साधारण तीस होतात, लहान फुलके चाळीसच्या आसपास. वाढत्या वयाचा मुलगा रात्री पाच पोळ्या सहज खातो, म्हणजे साठ जणांना दहा किलो कणीक. पोळीबरोबर भात असेल तर माणशी ऐंशी ग्रॅम तांदूळ पुरे, सगळे मिळून पाच किलोच्या आतच. आमटीला माणशी तीस ग्रॅम तूरडाळ, पोह्यांना पाऊणशे ग्रॅम पोहे. भाजी निवडल्यावर माणशी सव्वाशे ग्रॅम उरली पाहिजे. पालेभाजीला हा हिशेब लावू नकोस, मेथी-पालक शिजून इतके आळतात की भरलेली परात पातेल्याच्या तळाशी जाते. तीन मुलांमागे एक जुडी धर.

ही मापं म्हणजे सुरुवात. दर आठवड्याला ती तुझी तुलाच बदलावी लागतील, कारण शनिवारी संध्याकाळी निम्मी पोरं बाहेर जेवतात आणि सोमवारी सकाळी गावाहून परतलेली भुकेनं कासावीस असतात. जेवणघराच्या दाराशी एक वही बांधून ठेव. जो रात्री जेवणार नाही त्यानं दुपारी बारापर्यंत तीत नाव लिहायचं. पहिला महिनाभर पोरं विसरतील. तू रोज आठवण करत राहा, पण त्यासाठी कुणाचं ताट बंद करू नकोस.

आणि खरकट्याच्या बादलीत रोज डोकावत जा. तोंडानं कुणी सांगणार नाही, ती बादली सांगते. पोळ्यांच्या कडा पडल्या असतील तर पोळी वातड झाली. आमटी तशीच असेल तर पाणी जास्त झालं. दुधी टाकलेला दिसला तर दुधी बंद करू नकोस, पुढच्या खेपेला हरभऱ्याची डाळ घालून रस्सा कर, नाहीतर किसून थालीपिठात घाल.

घरचं प्रमाण साठपट केलं की स्वयंपाक बिघडतो. मोठ्या पातेल्यातून वाफ कमी जाते, म्हणून पाणी हिशेबापेक्षा कमीच घाल, कमी पडलं तर आधणाचं ओतता येतं. तिखट आणि हिंग आधी निम्मे, मग चव बघून वाढव. फोडणी मोठ्या पातेल्याच्या तळाशी करायच्या भानगडीत पडू नकोस, वेगळ्या कढईत खमंग करून वरून ओत. पाच किलो तांदूळ एका पातेल्यात टाकले तर खालचा भात गिचका आणि वरचा कच्चा राहतो. दोन पातेली कर, नाहीतर भरपूर पाण्यात शिजवून वेळून घे. पेज फेकू नकोस. मीठ-जिरं घालून वाटीवाटीनं ठेव, कोकणातली मुलं आनंदानं पितील. पातेलं उतरवताना मात्र दोघं हवेत, कोरडं फडकं हवं आणि वाटेत कुणी नको. पेजेनं भाजतं ते फार खोल भाजतं. कुणाला भाजलंच तर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. टूथपेस्ट, तूप, हळद यातलं काहीही लावायचं नाही.

कणीक पोळ्यांच्या अर्धा तास आधी भिजवून ओल्या फडक्याखाली ठेव. पोळ्या गरम असताना झाकण लावून डब्यात कोंडल्या की खालच्या चार ओल्या होतात आणि त्याच नेमक्या शेवटी येणाऱ्याच्या ताटात जातात. दुरडीत सुती कापड घाल, वाफ जाऊ दे, मग झाक. शेवटी येणारा मुलगा बहुतेक दिवसभर काम करून रात्रीच्या कॉलेजला जाणारा असतो. त्याची भाजी पहिल्या पंगतीच्या आधीच वेगळी काढून ठेवत जा.

आता ज्या गोष्टीत हयगय चालत नाही ती ऐक. उरलेल्या भाताची भीती बाळग. तांदळात एक जंतू असतो, तो शिजवूनही पुरता मरत नाही. भात तासन्‌तास कोमट राहिला की तो वाढतो आणि त्याचं विष भातात उतरतं. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणून भात उरला की परातीत पातळ पसर, गार कर आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेव. दुसऱ्या सकाळी फोडणीचा भात एकदाच, त्यातूनही उरला तर टाकून दे. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेल्या भाताला वास आला नाही म्हणून तो चांगला असं समजू नकोस. राजमा रात्रभर भिजवून ते पाणी ओतून दे आणि नव्या पाण्यात खळखळ उकळून पूर्ण शिजव. मंद आचेवर अर्धाकच्चा राहिलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधतो.

उपासाच्या दिवशी भगर. नवरात्रात आणि महाशिवरात्रीला आपल्याकडे भगरीतून विषबाधा झाल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. भगरीला ओल लागली की बुरशी धरते, पिठाला तर लवकरच. तयार पीठ आणू नकोस, सुटी भगर घेऊ नकोस. पाकीटबंद घे, तारीख बघ, निवड, धू आणि त्याच दिवशी संपव. उपासाच्या शेंगदाण्यातले काळे, सुरकुतलेले, खवट दाणे एकेक वेचून टाक. एक मूठ दाण्यांसाठी साठ पोटं धोक्यात घालायची नाहीत. तळलेलं तेलही तसंच. रंग काळसर झाला, फेस यायला लागला, धूर लवकर निघाला की ते तेल संपलं. व्यवस्थापक काटकसर म्हणतील तेव्हा नम्रपणे आणि ठामपणे नाही म्हण.

गॅसची टाकी एकोणीस किलोची, व्यावसायिक वापराचीच हवी. घरगुती लाल टाकी तिथे लावायला सांगितली तर ऐकू नकोस, ते बेकायदा आहे. रात्री शेगडी बंद केली म्हणजे झालं असं नाही, रेग्युलेटर बंद कर. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही करायचं नाही, आधी दारं-खिडक्या उघडायच्या.

पुण्याचं एक लक्षात ठेव. दुरुस्तीसाठी पाणी बंद राहतं ते बहुतेक गुरुवारी, आणि विजेचंही पुष्कळदा तसंच. बुधवारी रात्री पिंप भर, वाटण वाटून घे. गुरुवारी कमी भांड्यांत होणारं रांध: मुगाची खिचडी, कढी, भाजलेला पापड, लोणचं. भाजी गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून पहाटे घेतली तर स्वस्त पडते, पण आलेली प्रत्येक गोणी तुझ्या समोर काट्यावर चढली पाहिजे. वजन लिही, सही घे. कोठीची किल्ली तुझ्या कमरेला असू दे. ती एकदा चार हातांत फिरायला लागली की साखर कुठे गेली याचा जाब मात्र तुलाच द्यावा लागतो.

मुलं कुठकुठली येतील ते बघ. खानदेशचा मुलगा तिखट मागेल, कोकणातल्याला भाताशिवाय जेवण झालं असं वाटणार नाही, मराठवाड्यातला ज्वारीच्या भाकरीसाठी झुरेल. सगळ्यांना एका वेळी खूश करता येत नाही. भाजी मध्यम तिखट कर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा बाजूला ठेव, निम्मी तक्रार तिथेच मिटते. आठवड्यातून दोनदा भाकरी कर, उरलेल्या दिवशी भाकरीवाले पोळीला सरावतील. जैन मुलगा असेल तर कांदा-लसूण पडण्याआधी त्याची वाटी काढ. रमजानमध्ये कुणी रोजे धरत असेल तर पहाटेसाठी पोळी-भाजी, दही आणि खजूर झाकून ठेवत जा, त्यासाठी तुला पहाटे उठावं लागत नाही.

आडनाव विचारून वाढू नकोस, पोरी. आपल्याकडच्या वसतिगृहांचा इतिहास ताटाशी बांधलेला आहे. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात पहिलं बोर्डिंग काढलं आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या पोरांना एका छताखाली, एका पंगतीत बसवलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाला शाहू महाराजांचं नाव मिळालं. तिथलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही. त्याआधी गरिबाघरची पोरं माधुकरी मागून नाहीतर वार लावून शिकायची, आज या घरी तर उद्या त्या घरी, यजमानाच्या मर्जीवर. ती लाचारी ज्या स्वयंपाकघरानं संपवली, तशाच स्वयंपाकघरात तू पळी धरणार आहेस. हे मी मनापासून सांगते, कारण तिथे राबणाऱ्या बाईला कुणी नुसती मेसवाली म्हणालं की मला फार लागतं.

जेवायला न येणाऱ्याकडे डोळा ठेव. आमच्या वसतिगृहात एक मुलगी रोज ताट घ्यायची, पोळीचा तुकडा मोडायची, भाजीत बुडवायची आणि तसाच ठेवून उठायची. मी तिला काही विचारलं नाही. दोन दिवस फक्त तिच्या ताटात आधी भात वाढला, वर पातळ आमटी आणि लिंबाची फोड. दोन्ही दिवस ताट स्वच्छ झालं. सिंधुदुर्गातली होती, कोरडी पोळी घशाखाली उतरत नव्हती आणि सांगायची लाज वाटत होती. प्रत्येक वेळी कारण इतकं सोपं नसतं. एखादा मुलगा मेसचे पैसे थकलेत म्हणून येत नाही. त्याला सगळ्यांसमोर हाक मारू नकोस. वाढताना हळूच म्हण, उद्या ये. मग रेक्टरना एकटं गाठून सांग. एखादी पोर आठवडाभर जेवत नसेल, रडत असेल, तर तेही त्यांच्या कानावर घाल. बाकी पोरांच्या चुगल्या वर नेऊ नकोस. कोण रात्री उशिरा आलं ते बघायला पहारेकरी आहे. एकदा का पोरांना वाटलं की काकू सांगतात, मग ती ओट्याशी येऊन बोलायची बंद होतात आणि तुझा निम्मा अंदाज तिथेच जातो.

परीक्षेच्या दिवसांत नवीन पदार्थ करू नकोस. सकाळी सातला उपमा, पोहे किंवा थालीपीठ, बरोबर दही किंवा केळं. पोह्यांवर लिंबू पिळल्याशिवाय वाढू नकोस, त्यानं अंगाला लोह जास्त लागतं आणि आपल्या पोरींना त्याची फार गरज असते. रात्री जागणाऱ्यांसाठी भाजलेले दाणे, गूळ, चुरमुऱ्याचा चिवडा आणि कणकेचे लाडू डब्यात भरून जेवणघरात ठेव. मात्र रात्री दहानंतर शेगडी पेटवायची नाही, हे पहिल्याच आठवड्यात सांगून टाक.

कारण ही राहती नोकरी आहे. दार वाजवलं की तू उठतेस, म्हणून वाजवणारे वाढतात. ताप आलेल्याला मऊ भात रात्री बारालाही दे, पण मॅगीसाठी उठू नकोस. रुजू व्हायच्या आधी विश्वस्तांकडून चार गोष्टी कागदावर लिहून घे: आठवड्यातली एक पूर्ण सुटी, त्या दिवशी बदली कोण, दिवाळीच्या सुटीत वसतिगृह बंद असताना पगार मिळणार की नाही, आणि तुम्हा दोघांचं व लेकराचं जेवण मेसमधून धरायचं का. तोंडी बोलणं माणूस बदलला की बदलतं. भांड्याला एक बाई आणि पोळ्यांना आणखी एक हात मागून घे. दहा किलोच्या पोळ्या रोज एकटीनं लाटल्या तर मनगट दोन वर्षांत निकामी होतं, अशा बायका मी पाहिल्या आहेत. ओट्याखाली पाय टेकायला पाट ठेव. एक पाय वर, एक खाली, आलटून पालटून. कंबर वाचते. आणि पोरांच्या आधी नाही तरी त्यांच्याबरोबर जेव. सगळ्यांचं उरकल्यावर उभ्या उभ्या खाल्लेलं अंगी लागत नाही, शिवाय पोरं काय खातात हे त्यांच्यात बसल्यावरच नीट कळतं.

पहिल्या संध्याकाळी गोडाधोडाचा घाट घालू नकोस. प्रवासानं शिणलेली पोरं असतील, आईबाप सोडून गेलेले असतील. साधं वरण, मऊ भात, तूप, बटाट्याची पिवळी भाजी, पोळ्या, काकडीची कोशिंबीर, लोणचं. सगळ्या जिल्ह्यांच्या पोरांना हे चालतं. त्या दिवशी तांदूळ अर्धा किलो जास्त टाक आणि कणीक दोन किलो कमी भिजव, पहिल्या रात्री पोळ्या फारशा जात नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पोहे साडेचार किलोऐवजी साडेपाच किलो भिजव.