सापासाठी उबदार पेटी

थंडीत आपण स्वेटर घालतो. स्वेटर स्वतः गरम नसतो. आपल्याच अंगाची ऊब तो धरून ठेवतो. सापाला मात्र कितीही पांघरुणे घातली तरी ऊब येत नाही, कारण त्याला उष्णता बाहेरून मिळवावी लागते. ऊब नसेल तर त्याने खाल्लेले अन्नही पचत नाही. महाराष्ट्रातली धामण सकाळी बांधावर ऊन खाते आणि ऊन तापले की सावलीत शिरते. बर्मिंगहॅमच्या जानेवारीत असे ऊन कुठून आणायचे? आमच्याकडे कॉर्न स्नेक हा अमेरिकेतला बिनविषारी साप आहे. त्याच्यासाठी आम्ही बनवलेल्या पेटीची ही कृती.

१. पेटी : लांबी १२० सें.मी., रुंदी व उंची ६० सें.मी. साप पूर्ण लांब होऊन पसरू शकला पाहिजे. लाकडातून उष्णता सावकाश बाहेर जाते, म्हणून तीन बाजू, तळ व छत लाकडी. पुढे सरकत्या काचा. कोपरे गुण्याने तपासावेत. फट राहिली तर साप निसटतो.

२. हवा : गरम हवा वर जाते. म्हणून दिव्याच्या बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली भोके पाडून त्यांवर जाळी ठोकावी.

३. दिवा : तो एकाच टोकाला, छताला, चिनी मातीच्या होल्डरमध्ये बसवावा. दिव्याभोवती तारेचा पिंजरा हवाच! उबेसाठी साप दिव्याला वेटोळे घालतो आणि भाजला तरी चटकन दूर होत नाही. लाकूड दिव्यापासून किती दूर हवे, ते दिव्याच्या खोक्यावर वाचावे. विजेचे काम मोठ्यांनीच करावे.

४. थर्मोस्टॅट : दिव्याखालच्या जागी २८ ते ३० अंश सेल्सिअस आणि दुसऱ्या टोकाला २० ते २४ अंश तापमान हवे. थर्मोस्टॅट व्याकरणातल्या जर-तर वाक्यांवरच चालतो : जर ३० च्या वर गेले, तर दिवा मंद कर, जर खाली आले, तर प्रखर कर. दोन्ही टोकांना तापमापक लावून, साप आत सोडण्यापूर्वी पेटी एक-दोन दिवस चालवून पाहावी.

सगळी पेटी सारखीच का तापवायची नाही? कारण किती ऊब हवी हे सापालाच कळते. धामणीला जशी ऊन आणि सावली, तशी त्याला दोन टोके. निवड त्याची, ती शक्य करणे आपले काम. इंग्लंडमध्ये २००६ च्या प्राणी कल्याण कायद्याने ही मालकाची जबाबदारीच ठरवली आहे. भारतात मात्र धामण किंवा नाग घरी पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा त्यांना रानातच राहू देतो.

शब्दार्थ : बांध – शेताच्या कडेचा मातीचा उंचवटा. गुण्या – काटकोन तपासण्याचे सुताराचे साधन. वेटोळे – सापाने शरीराचा केलेला वेढा. प्रखर – तीव्र.

गृहपाठ : तुमच्या घरातले कोणते यंत्र 'जर-तर'वर चालते? त्याची दोन वाक्ये लिहा.