तहकुबी सोसणारी कला

॥ श्री ॥

वाई, चैत्र वद्य ५

चि. सौ. कुसुम हिस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे सविस्तर पत्र पोचले. पहाटे आरेच्या केंद्रावरच्या दुधाच्या रांगेपासून रात्री दिवे मालवेपर्यंतचा सारा दिवस कामात जातो आणि तरीही हाती काही उरत नाही, लग्नाआधीची रंगांची पेटी माळ्यावर तशीच पडून आहे, आणि मुले जरा मोठी झाली म्हणजे मग पुन्हा चित्राकडे वळेन, असे तू लिहितेस. तुझा त्रागा मी खोटा म्हणणार नाही. घरकाम हेच स्त्रीचे काव्य, असली वाक्ये लिहिणारे गृहस्थ बहुधा आरामखुर्चीत बसलेले असतात आणि त्यांच्या हातातला चहा दुसऱ्या कोणीतरी केलेला असतो. त्यांची री ओढण्याची माझी मुळीच इच्छा नाही. परंतु मुले मोठी होईपर्यंतची जी मुदत तू स्फूर्तीला घालून दिली आहेस ती मला नामंजूर आहे, एवढे कळवण्यासाठीच हे पत्र.

चित्राला, गायनाला, लेखनाला सलग एकांत लागतो आणि तो तुझ्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मिळणे नाही, हे मी जाणते. तेव्हा सध्या असे काम हाती घे, की जे मध्येच सोडावे लागले तरी रुसत नाही. तू एक गोधडी शिवायला घे. यांच्या कचेरीत एखादे प्रकरण वरचेवर तहकूब होऊ लागले, की त्याचे कागद गहाळ होतात, साक्षीदार फिरतात आणि पक्षकार हवालदिल होतो; गोधडी मात्र कितीही वेळा तहकूब करावी, ज्या टाक्यावर हात थांबला असेल त्याच टाक्यापासून कामकाज पुढे चालू होते आणि मधल्या खंडाचा दाखलासुद्धा कापडावर राहत नाही. दूध उतू जाते, धाकटा रडत उठतो, दारात पोस्टमन येतो. उठावे आणि परत यावे. फक्त उठताना सुया मोजून डबीत घालाव्यात, रांगते मूल घरात आहे.

शिवण्याच्या आधीचा एक आनंद आहे, तो घाईने उरकू नकोस. ट्रंकेतली जुनी वस्त्रे काढून जमिनीवर मांड आणि प्रत्येक कापड कोठे विरले आहे ते बघ. तुझ्या यजमानांच्या सदऱ्याची मानेपाशी दशा झालेली असते आणि पाठ जवळजवळ कोरी असते. सासूबाईंचे इरकली लुगडे पदराला शाबूत आणि बैठकीच्या जागी जाळी झालेले सापडेल, कारण त्यांचा जन्म जमिनीवर बसून निवडण्याचिरण्यात गेला. थोरल्याच्या शाळेच्या चड्डीचे काय झाले असेल ते तर मी इथूनच सांगते. कोण दिवसभर कसे बसते, कसे वाकते, कोणत्या कामाला जुंपलेले असते, याची एवढी खरी नोंद दुसऱ्या कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही, आणि ज्या माणसांत आपण रोज वावरतो त्यांच्याकडे आपण किती थोडे पाहिलेले असते, हे तिथे बसल्या बसल्या ध्यानात येते. चित्रकाराला आणखी काय हवे असते?

नक्षी आधी कागदावर आखण्याच्या भरीस पडू नकोस. यांची बदली उत्तर कानडा जिल्ह्यात हल्याळला झाली होती, तेव्हा तेथील सिद्दी बायकांचे काम मी पुष्कळदा पाहिले. पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या आणि तेथून निसटून त्या अरण्यात वस्ती केलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्या गोधडीला तिकडे कवंदी म्हणतात. त्या बायका आधी तुकडे जोडून वरचा पदर तयार करीत नाहीत; खालच्या लुगड्यावर एका कडेपासून ठिगळे ठेवीत, टाके घालीत, चारी बाजूंनी आत आत सरकत मध्याशी येतात, आणि शेवटी चारी कोपऱ्यांवर घडी घातलेले त्रिकोणी तुकडे लावतात, त्यांना फुले म्हणतात. लाल ठिगळ संपले तर पुढचे पिवळे लागते, आणि ते पिवळे तेथे का आले हे विचारणाऱ्यालाच त्या हसतात. अशा गोधड्यांवर जी रंगसंगती मी पाहिली ती ठरवून साधली असती असे मला वाटत नाही. घरात जे उरले होते त्यानेच ती घडवली होती.

ठिगळांचे कापड मुंबईत पाहुण्यांसमोर कसे दिसेल, ही शंका तुझ्या मनात येईलच. विनयपिटकात अशी हकीकत आहे, की मगधातून जात असता भगवान बुद्धांनी बांध घातलेली, चौकोनाचौकोनांची शेते पाहिली आणि भिक्षूंची चीवरे तशीच बेतता येतील का, असे आनंदाला विचारले. आनंदाने कापडाचे तुकडे त्या शेतांसारखे जुळवले आणि बुद्धांनी त्याच्या कुशलतेची प्रशंसा केली. सर्वसंगपरित्याग केलेल्या संघालासुद्धा वस्त्राची नक्षी सुचली ती रस्त्याने जाताना दिसलेल्या भातखाचरांवरून. आणि चिंध्या पांघरून गावोगाव खराटा फिरवणारे, धर्मशाळा उभारणारे गाडगेबाबा आपल्याच डोळ्यांसमोर होऊन गेले. तेव्हा पाहुण्यांची काळजी पाहुण्यांवर सोपव.

आता कामाचे. कापड सुतीच घे. नायलॉन आणि टेरिलीन कितीही चकचकीत असले तरी आतल्या थरात घसरतात आणि घाम शोषत नाहीत. खाली अस्तराला एक अखंड लुगडे, त्यावर धोतराचे आणि जीर्ण कापडाचे थर, वर ठिगळे किंवा दुसरे लुगडे, असे सुरकुती न ठेवता पसरून कडांवर वजने ठेव आणि आधी लांब लांब कच्चे टाके घालून सारे जागच्या जागी बांधून घे. मग कडेपासून धावदोरा घालीत फेर धरून मध्याकडे ये. दोन ओळींत बोटभर अंतर पुरे, त्याहून जास्त ठेवलेस तर पहिल्याच धुण्यात आतले कापड गोळा होईल. उबेच्या लोभाने फार थर घालू नकोस. येथे घटस्थापनेपूर्वी घरोघरच्या गोधड्या कृष्णेच्या घाटावर धुवायला निघतात आणि भिजलेली एक जाड गोधडी पिळायला दोन धट्ट्याकट्ट्या बायका लागतात. तुझ्या मोरीत तू एकटी काय करशील?

सासूबाईंविषयी तू दोन ओळी लिहून खोडल्या आहेस. मी त्या वाचल्या आहेत, त्यामुळे स्पष्टच लिहिते. त्यांचे लुगडे त्यांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, आणि विचारताना शिवायला बसण्याचाही आग्रह कर. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही ते माना खाली घालून टाके घालताना सहज बोलून होते. माझ्या सासूबाईंच्या माहेरची सगळी कर्मकथा मी अशीच ऐकली, एरवी त्यांनी ती मला कधीच सांगितली नसती. तुझ्या सासूबाईंची दृष्टी मंद झाली असेल तर सुई ओवण्याचे काम थोरल्याकडे दे. त्यांचे टाके वाकडे पडतील. ते रात्री गुपचूप उसवून सरळ करण्याचा मोह तुला होईल, कारण तुझा हात शिकलेला आहे. तो मोह आवर, वाकडे टाके सरळ टाक्यांइतकीच ऊब धरतात.

रंगांची पेटी माळ्यावरून खाली काढून ठेव, सुकलेले रंग टाकून दे, पण पेटी कोणाला देऊन टाकू नकोस. ठिगळे निवडताना डोळा तयार राहील आणि तिची पाळीही येईल.

शेजारचे एक गृहस्थ येत्या आठवड्यात मुंबईस येत आहेत. त्यांच्याबरोबर दाभण, जाड सुया, पांढऱ्या दोऱ्याची रिळे आणि माझे एक जुने नऊवारी धाडते. त्याचा मधला भाग विरला आहे, तो आतल्या थराला घाल, काठ मात्र मजबूत आहेत, ते उसवून वरच्या बाजूला चौफेर लाव. अस्तराला पुरेसे कापड आहे की नाही ते उलट टपाली कळव, म्हणजे येथील बोहारणीला काही देण्याआधी मी तुझ्यासाठी बाजूला काढीन.

सासूबाईंना माझा सादर नमस्कार सांग. मुलांना गोड पापा.

तुझी,
आत्या