रानातील उजेड आणि शिकारी पक्ष्यांची छायाचित्रे

धारवाड शहर मैदानी प्रदेश आणि मलनाड यांच्या सीमेवर वसले आहे. पूर्वेस काळ्या मातीची मोकळी शेते, तर पश्चिमेस हल्याळच्या पुढे दांडेलीचे अरण्य लागते. मोकळ्या माळावर घारीचे छायाचित्र सहज मिळते. परंतु दांडेलीच्या झाडीतील सर्पगरुड व मोरघार यांची छायाचित्रे पुष्कळदा काळवंडलेली किंवा हललेली येतात. दोष बहुधा कॅमेऱ्याचा नसून उजेड न ओळखल्याचा असतो.

उजेडाचे मापन

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. पक्ष्याच्या मागे पांढरे आकाश असल्यास पक्षी काळा पडतो. अशा वेळी एक्स्पोजर १ ते २ स्टॉप वाढवावे. उलटपक्षी, उन्हातील पक्ष्यामागे गर्द सावली असल्यास ते सुमारे १ स्टॉप कमी करावे. सर्पगरुडाची ओळख पोटावरील पांढरे ठिपके व डोळ्याजवळील पिवळी त्वचा यांवरून पटते. या खुणाच पुसल्या गेल्या, तर अभ्यासाच्या दृष्टीने छायाचित्र निरुपयोगी ठरते.

वेळ आणि वेग

दुपारी पानांतून पडणाऱ्या कवडशांमुळे पक्ष्याच्या अंगावर उजेडाचे चट्टे उमटतात. म्हणून सकाळचे कोवळे ऊन किंवा विरळ ढगांचा दिवस निवडावा आणि शक्यतो सूर्य पाठीशी ठेवावा. ४०० मि.मी. चे भिंग हातात धरल्यास शटरचा वेग १/५०० सेकंदाहून कमी नसावा. उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० सेकंद लागतो. त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत वाढविण्यास हरकत नाही. दाणेदार चित्र चालते. हललेले चित्र मात्र सुधारत नाही.

पाळावयाची मर्यादा

उजेड मिळावा म्हणून घरट्यापुढील फांद्या तोडणे सर्वथा गैर आहे. आडोसा गेल्याने पिलू उन्हात व शत्रूंच्या नजरेस उघडे पडते. सर्पगरुडाची मादी बहुधा एकच अंडे घालते. त्यामुळे एक घरटे विस्कटले की त्या जोडीचा संपूर्ण हंगाम वाया जाऊ शकतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार पक्ष्यांच्या घरट्यास उपद्रव देणे हेही शिकार या व्याख्येत मोडते. अभयारण्यात छायाचित्रणासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक असते.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, वेळ व स्थळ यांची नोंद करून घ्यावी. घरट्याचा ठावठिकाणा मात्र केवळ वनाधिकाऱ्यांनाच कळवावा.