रिकाम्या डब्यांतील बटाट्याची लागवड

ज्यांस जमीन नाहीं, अशा गृहस्थांसही अंगणांत किंवा गच्चीवर बटाट्याचीं चार झाडें लावतां येतील. बटाटा हें मूळ नसून मातींत फुगलेला खोडाचा भाग होय, हें ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील कृतीचें कारण समजतें.

गोड्या तेलाचा १५ किलोचा रिकामा डबा घ्यावा. ज्यांत औषधें वा रसायनें होतीं, असें भांडें केव्हांही घेऊं नये. बुडास चार-पांच भोंकें पाडावीं. पाणी तुंबल्यास बेणें कुजतें. तळाशीं वीतभर माती व कुजलेलें शेणखत घालून, आक्टोबर-नोव्हेंबरांत दोन-तीन डोळ्यांची एक निरोगी फोड लावून चार बोटें मातीनें झांकावी. झाड वीतभर वाढलें कीं शेंडा उघडा ठेवून मातीची भर द्यावी. डबा भरेपर्यंत असेंच करावें.

ही भर देण्यांत आळस नसावा. उजेड लागलेला बटाटा हिरवा होतो व त्यांत सोलानीन नांवाचें विष वाढतें. तें शिजवूनही जात नाहीं. असे बटाटे मुलांबाळांस मुळींच देऊं नयेत.

सुमारें ९० ते १०० दिवसांनीं पाला पिवळा पडतो. मग पाणी तोडून आठवड्यानें डबा उपडा करावा, आणि निघालेलें पीक अंधाऱ्या, हवेशीर जागीं ठेवावें.