टाच चुरचुरली की थांबा

आळंदीहून माउलींची पालखी निघते तेव्हा पहिली पुण्यापर्यंतची वाट बहुतेकांना जड जात नाही. पाय बोलू लागतात ते पुण्याचा मुक्काम आटोपून सासवडकडे निघाल्यावर. एका दिवसात तीसेक किलोमीटर, त्यात दिवे घाटाची चढण, वरून पावसाची सर आणि खाली डांबर. त्या दिवशी आलेला फोड नीट सांभाळला नाही तर पुढची पंढरपूरपर्यंतची वाट लंगडत काढावी लागते. म्हणून यंदा निघण्याआधीच हे वाचून ठेवा. गड चढणाऱ्यांना आणि नव्या बुटांत पहाटे फिरायला जाणाऱ्यांनाही ते तितकंच लागू आहे.

फोड एकदम येत नाही. कातडीचा वरचा थर चपलेच्या पट्ट्याला किंवा मोज्याला धरून राहतो आणि आतलं हाड मात्र प्रत्येक पावलाला मागेपुढे सरकतं. या ओढाताणीत कातडीच्या थरांमध्ये फट पडते आणि तिच्यात पाणी भरतं. घामाने, पावसाने ओलसर झालेल्या कातडीवर घर्षण वाढतं, त्यामुळे भिजलेले मोजे तसेच ठेवून चालणाऱ्यांना फोड लवकर येतात. पण पाणी भरण्याआधी ती जागा लाल होते, गरम लागते, चुरचुरते. नेमकं तेव्हाच थांबायचं. दिंडी पुढे निघून जाईल या भीतीने माणसं तसंच रेटत राहतात आणि पाच मिनिटांच्या कामाचं पाच दिवसांचं दुखणं होतं.

या पाच मिनिटांत गादीचं प्लास्टर लावायचं. केमिस्टकडे ‘ब्लिस्टर प्लास्टर’ किंवा ‘हायड्रोकोलॉइड प्लास्टर’ म्हणून मागा. आणि हातात काय ठेवलं ते वाचून घ्या, कारण कुरूप काढायची ‘कॉर्न कॅप’ही अशीच गोल आणि मऊ दिसते. तिच्यात कातडी विरघळवणारं सॅलिसिलिक ॲसिड असतं. ती फोडावर लावली तर आधीच सोललेली जागा भाजून निघते.

लावण्याआधी पाय साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. तेल, व्हॅसलीन, मलम काही नको. त्यावर प्लास्टर टिकत नाही. प्लास्टर आधी तळहातांमध्ये मिनिटभर धरून ऊबदार करा. मग फोड बरोबर मधोमध येईल आणि कडा चांगल्या कातडीवर बसतील असं चिकटवा, बोटाने कडा दाबून घ्या, सुरकुती राहू देऊ नका. सुरकुती राहिली तर तीच पुढे घासते.

दुसऱ्या दिवशी प्लास्टर पांढरं होऊन फुगतं. ते पाहून अनेक जण पू झाला म्हणून घाबरतात आणि ओढून काढतात, आणि त्याबरोबर नवी कोवळी कातडीही निघते. तो पू नव्हे. आतला थर फोडातलं पाणी शोषून जेलीसारखा होतो, तीच त्याची गादी. कडा आपोआप सुटेपर्यंत, म्हणजे काही दिवस, ते तसंच राहू द्या. काढताना वर न उचलता कडेला धरून कातडीला समांतर ताणा.

जखम उघडी ठेवावी, वारा लागू द्यावा, खपली धरली की बरी होते, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या कातडीवर केलेल्या प्रयोगात याच्या उलट दिसलं: झाकून ओलसर ठेवलेली जखम उघड्या जखमेपेक्षा लवकर भरली. ही प्लास्टरं त्याच तत्त्वावर चालतात.

फोड शक्यतो फोडू नका. वरची कातडी हे सगळ्यांत चांगलं आवरण आहे. फारच ताणला असेल आणि चालणं भागच असेल तर वैद्यकीय पथकाकडून नव्या निर्जंतुक सुईने कडेला टोचून पाणी काढून घ्या, कातडी मात्र जागेवर राहू द्या. सुईत दोरा ओवून तो फोडात ठेवायची जुनी पद्धत कृपा करून सोडा. रस्त्यावरची घाण त्या दोऱ्यावरून थेट आत जाते. हळद किंवा टूथपेस्टही भरू नका.

फोड येऊच नये म्हणून तुमची नेहमीची लागणारी जागा, टाच, करंगळी, चवडा, सकाळी निघतानाच झाकून घ्या. त्यासाठी महागडं प्लास्टरच हवं असं नाही. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर केलेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात साध्या कागदी टेपने फोडांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. तो टेप कुठल्याही मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतो. चपला-बूट नवे असतील तर आधी काही आठवडे वापरून घ्या आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड ठेवा.

फोडाभोवती लाली पसरत असेल, पू किंवा दुर्गंधी येत असेल, पायावर लाल रेघ वर चढत असेल, जांघेत गाठ किंवा ताप आला असेल, तर त्यावर प्लास्टर लावू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मधुमेह असलेल्यांनी तर साध्या फोडावरही स्वतः उपचार करू नयेत. त्यांच्या पायाची जाणीव अनेकदा कमी झालेली असते, त्यामुळे चुरचुर कळतच नाही. त्यांनी अनवाणी चालू नये आणि रोज मुक्कामी बॅटरीच्या उजेडात, आरसा धरून तळवे पाहावेत किंवा सोबतच्याला पाहायला सांगावेत. घरात असं कुणी वारीला निघालं असेल तर प्रस्थानाआधी त्यांचे पाय डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या.