चाळिशीतली आजी

घरात बाळंतपण झालं की वजन बाळाचं होतं आणि रक्त बाळंतिणीचं तपासलं जातं. त्या दोघांसाठी पहाटेपासून राबणाऱ्या तिसऱ्या बाईची विचारपूस कुणी करत नाही. हा सल्ला तिच्यासाठी, म्हणजे नव्यानं आजी झालेल्या बाईसाठी आहे. बीड जिल्ह्यातल्या नेकनूर आणि भोवतालच्या गावांत ही आजी म्हातारी नसते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) या जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या दर पाच जणींपैकी दोघींहून जास्त जणींचं लग्न अठरा पुरं होण्याआधी झालेलं आढळलं. त्यांच्या आयांची लग्नंही काही उशिरा झालेली नव्हती. सतराव्या वर्षी लग्न, एकोणिसाव्या वर्षी मुलगी, त्या मुलीचंही लग्न सतराव्या वर्षी, मग पहिलं नातवंड मांडीवर येतं तेव्हा आजी अडतिशीत असते. पहिलं बाळंतपण माहेरी होत असल्यामुळे हा भार आधी मुलीच्या आईवर पडतो, आणि सव्वा महिन्यानं मुलगी बाळाला घेऊन सासरी गेली की तितक्याच वयाच्या सासूवर.

अडतिशीत अंगात बळ असतं, तरुण आजी मिळणं हे बाळाचं नशीबच, असं कुणी म्हणेल. वय पाहिलं तर खरं आहे. पण वयाचा आकडा आणि शरीराची झीज या आपल्या भागात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जी पाहणी आली, तीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा जणींत एक. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली असतील तर पाळी जाण्याचं वय ऑपरेशनच्या दिवशीच येतं. अंडाशयं ठेवली असली तरी त्यांचं काम काही वर्षं आधी थंडावू शकतं. त्यांतून मिळणारं संप्रेरक थांबलं की हाडांतलं कॅल्शियम झपाट्यानं कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. पस्तिशीच्या आत ऑपरेशन झालेल्या बाईची हाडं चाळिशीतच पन्नाशी-पंचावन्नच्या बाईसारखी होऊ शकतात. म्हणून जुना डिस्चार्ज कागद शोधा आणि नुसती पिशवी काढली की अंडाशयंही, हे डॉक्टरांकडून वाचून घ्या. पुढचे सगळे निर्णय त्या एका ओळीवर अवलंबून असतात.

आता अशा बाईची सकाळ पाहा. मोरीत पाटावर बसून दोन्ही पाय लांब करायचे, बाळाला नडग्यांवर पालथं घ्यायचं, एका हातानं मान सावरायची, दुसऱ्यानं तांब्या ओतायचा, आणि शेवटी निसरडं बाळ उचलून कमरेतून वळत मागे टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या बाईकडे द्यायचं. वाकलेल्या कमरेनं वजन घेऊन वळणं ठिसूळ मणक्याला सगळ्यात वाईट. अंघोळ बंद करा, असं मी म्हणणार नाही. कुणी ऐकणारही नाही. फक्त बाळ उचलायचं काम टॉवेलवालीनं समोर येऊन करावं आणि पाण्याची बादली दुसऱ्यानं आणून ठेवावी. आणखी एक. बाळंतिणीसाठी खारीक-खोबऱ्याचे, डिंकाचे लाडू वळणारी आजी स्वतः मात्र उरल्यासुरल्या भाकरीवर जेवते. तीळ, दूध-दही, हरभऱ्याची भाजी तिच्याही ताटात हवी. लाडवाचं मात्र रक्तातली साखर तपासल्यावर बोलू.

‘आमच्या सासूनं दहा नातवंडं वाढवली, कधी गोळी घेतली नाही,’ हे तर नेहमीचं उत्तर. वाढवली हे खरं. पण त्या पिढीत किती जणी पक्षाघातानं अंथरुणाला खिळल्या आणि किती जणींचा रक्तदाब एकदाही मोजला गेला नव्हता, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. १४०/९० च्या वरचा दाब वर्षानुवर्षं दुखत-खुपत नाही, म्हणूनच तो मोजावा लागतो. हिमोग्लोबिनचंही तसंच. बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी. पाळी चालू असेल तर त्याचं एक कारण समोर असतं. पण पिशवी काढून पाच वर्षं झाली आणि रक्त तरीही ९ असेल, तर मूळव्याध, जंत किंवा आणखी काही दडलेलं आहे का, हे शोधायलाच हवं. नुसत्या लोहाच्या गोळ्यांवर थांबू नये.

आजीचं दुखणं बाळापर्यंत पोचतं, हे घरातल्या पुरुषांना आधी सांगावं लागतं. ज्या बोटानं सकाळी मिश्री लावली तेच बोट पुढं घुटी चाटवायला बाळाच्या तोंडात जातं. घुटी आणि मध दोन्ही नकोतच, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीही नको; पण मिश्री आजीच्या स्वतःच्या तोंडासाठीही घातक आहे, तोंडाचा कर्करोग तिथूनच सुरू होतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, आणि बाळाला बीसीजी टोचली असली तरी घरातल्या खोकल्यापासून ती पूर्ण राखत नाही. शेकशेगडी दार लावलेल्या खोलीत ठेवू नका. पळाट्या-तुराट्यांवर पाणी तापवणारीची छाती आधीच धुरानं भरलेली असते.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. ‘तपासायला गेलं की डॉक्टर काहीतरी काढतात आणि ऑपरेशन सांगतात.’ ज्या जिल्ह्यात इतक्या पिशव्या काढल्या गेल्या, तिथं ही भीती रास्त आहे. म्हणून मी मोठी यादी देत नाही. रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन. जोडीला तोंडाची तपासणी. तिशीपुढच्या प्रत्येकासाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई बाळाला पाहायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. त्यांतल्या एका दिवशी आजीचाही या तपासणीचा फॉर्म भरून घ्या. आणि अंगावरून पांढरं जातं किंवा कंबर दुखते एवढ्यावरून कुणी पिशवी काढायला सांगितली, तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात दुसरं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

दिवाळीच्या मागेपुढे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, कोयता ठरलेला असतो, आणि तान्हं घेऊन फडावर जाणाऱ्या मुलीबरोबर कोपीत राहायला आजीही निघते; नाहीतर मोठी नातवंडं घेऊन गावात एकटी राहते. तिथं किंवा इथं चक्कर येऊन ती पडली तर पोरांकडे पाहायला कुणी नसतं. तेव्हा गाडी भरायच्या आधी, दसऱ्याच्या आसपास, तिला एकदा दवाखान्यात न्या. बीपीची गोळी चालू झाली असेल तर महिनाभराचा साठा आणि तपासणीचा कागद तिच्या पिशवीत ठेवा. मुकादमाच्या भरवशावर ते सोडू नका.