रक्तदाब आणि यकृत : गोळी सोडण्यापूर्वी



पुसद-उमरखेड भागात ऊस नोंदीसाठी आम्ही शिवारात फिरतो, तेव्हा "बी.पी.च्या गोळीनं लिव्हर खराब होते" असे पुष्कळदा कानी येते. या भीतीने गोळी सोडली तर लकवा किंवा हृदयविकार ओढवू शकतो.

रक्तदाब व यकृताचा संबंध आहे, पण तो निराळा. पोट सुटले की यकृतात चरबी साठते. इन्सुलिनचे काम मंदावते, शरीर मीठ-पाणी धरून ठेवते आणि रक्तदाब चढतो. दारू तर दोन्ही बिघडवते. म्हणूनच २०२१ साली केंद्र सरकारने यकृतातील चरबीचा आजार रक्तदाब-मधुमेहाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला.

यकृत कडक झाले, की पाटात गाळ साचून मागे पाणी तुंबावे, तसा यकृताकडे येणाऱ्या शिरेत दाब वाढतो. दंडावर पट्टा बांधून तो कळत नाही; आजार वाढल्यावर दंडावरचा दाब उलट उतरतोही.

तेव्हा रक्तदाब १४०/९० किंवा वर राहत असेल, तर यकृताच्या तपासणीबद्दलही डॉक्टरांना विचारा. दिवसाचे मीठ ५ ग्रॅमच्या आत ठेवा, दारू बंद करा, वाढलेले वजन हळूहळू उतरवा. गोळीची शंका डॉक्टरांपुढे काढा; आपल्या मनाने गोळी सोडू नका.